सव्वादोनशे पाव

त्या दिवशी सकाळी न्याहारीला कुणी पाव मागितला नाही. मागायची सोयच नव्हती. घरं उचलणाऱ्या या घराण्यात पाव म्हणजे जॅकचा पाव फेरा, दुसरं काही नाही. बेकरीतून येतो त्याला ही मंडळी 'मऊ' म्हणतात. 'एक मऊ दे गं', 'मऊ शिळं आहे का?' असं. लग्न होऊन आलेल्या सुनेला पहिल्या आठवड्यातच हे शिकवतात. ती विसरली तर आत्या तिला ताटावरून उठवत नाही एवढंच, बाकी सगळं ऐकवते.

कारण सरळ आहे. इमारतीखाली बसलेल्या माणसानं 'पाव' ऐकला की दांडा फिरवायचा. विचार करायचा नाही. अठ्ठावीस माणसं, प्रत्येकाकडे पाच जॅक, असे एकशेचाळीस जॅक. हाक आली की प्रत्येकानं आपल्या पाचही जॅकना पाव फेरा द्यायचा आणि ओरडायचं, 'झालं'. अठ्ठावीस 'झालं' पुरे झाले की पुढची हाक. एका पावात इमारत दोन मिलिमीटर वर येते. शाळा एकूण तीन फूट उचलायची होती, आज दीड आणि उद्या दीड.

"सव्वादोनशे," आत्यानं बटणांच्या डब्याचं झाकण लावलं. "दोनदा मोजली. एक निळं कमी होतं, माझ्या जुन्या झग्याचं काढून घातलं."

आत्या म्हणजे घराण्याचे कर्ते आप्पा, त्यांची धाकटी बहीण. आप्पा हाक देतात आणि ही दर हाकेला एक बटण या डब्यातून त्या डब्यात टाकते. बत्तीस वर्षांत तिची मोजणी चुकलेली नाही. हे तीच सांगते, पण खरं आहे.

शाळा दुमजली. शाळेसमोरचा रस्ता दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं बांधत बांधत एवढा वर आला होता की खालच्या वर्गांत बसलेल्या मुलांना खिडकीतून माणसांच्या चपला तेवढ्या दिसायच्या. रस्त्यावर सांडलेलं सगळं पाणी वर्गात. तीन आठवडे खपून यांनी भिंती तळाशी कापल्या होत्या, खालून लोखंडी तुळया घातल्या होत्या, तुळयांखाली जॅक बसवले होते. आता फक्त उचलायचं राहिलं होतं. फक्त म्हणे!

"भर," आप्पा म्हणाले.

वरच्या मजल्यावर, मोठ्या बाईंच्या ऑफिसातल्या टेबलावर, काचेचा ग्लास ठेवला होता. त्यांच्या थोरल्या मुलानं तांब्या वाकडा केला.

"आणखी."

"काठोकाठ झालाय, आप्पा."

"आणखी."

पाणी काठाच्या वर किंचित फुगून उभं राहिलं. थोरल्यानं श्वास रोखला. ही रीत आजोबांनी घालून दिलेली. ज्याची हाक, त्यानं सकाळी वरच्या मजल्यावर भरलेला ग्लास ठेवायचा. संध्याकाळी ज्याची पुढची पाळी, त्यानं एकट्यानं वर जाऊन बघायचं. ग्लास सांडला असेल तर हाक संपली. त्याच दिवशी, कायमची.

आजोबांची तशीच संपली होती. तेव्हा थोरला दहा वर्षांचा होता. गिरणीच्या कामावर आप्पा वरून खाली आले, म्हणाले, "सांडलाय." आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून आप्पांच्या हातात दिली आणि घरी गेले. पुढं अकरा वर्षं जगले, पण कामाच्या जागेवर एकदाही फिरकले नाहीत. खिडकीत बसून समोरच्या घराकडं बघायचे. घर वाकडं आहे का, विचारलं तर म्हणायचे, "मला काय ठाऊक."

थोरला आता बेचाळिशीचा आहे. पंधरा वर्षं तो रोज संध्याकाळी जिना चढून तो ग्लास बघत आला, आणि पंधरा वर्षं तो भरलेलाच होता. मागच्या महिन्यात त्यानं मन घट्ट करून विचारलंही होतं. आप्पा मोरीत तोंड धूत होते, तो पाठीमागं उभा राहिला. "आप्पा, आता हाक मला द्या. तुमच्या डोळ्यांदेखत द्या." आप्पांनी तोंड पुसलं, पंचा खांद्यावर टाकला आणि बाहेर निघून गेले. नाही म्हणायचीसुद्धा तसदी घेतली नाही. तेव्हापासून थोरला त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होता.

"चला आप्पा," दारातून त्याची बायको आली आणि तिनं सासऱ्याचा दंड धरला. "जिना जपून."

"तू कशाला रोज कामावर येतेस?" थोरला करवादला. "ते काय लहान आहेत?"

"चक्कर येते त्यांना."

"मला कधी दिसली नाही चक्कर."

"तुम्ही असता कुठं त्यांच्याजवळ," ती म्हणाली आणि आप्पांना घेऊन उतरली.

*

आप्पांची जागा शाळेच्या बाजूच्या भिंतीशी, मधोमध. स्टूल, डावा तळवा भिंतीला टेकवलेला, डोळे मिटलेले. सून मागं उभी, हात त्यांच्या खांद्यावर. आत्या पाच हातांवर खुर्चीत, मांडीत दोन डबे. थोरला पाण्याच्या नळीनं चारही कोपऱ्यांची पातळी बघत फिरणार. धाकटा भाऊ पुढच्या बाजूला, रस्त्याकडच्या सात माणसांवर.

"पाऽऽव!"

अठ्ठावीस दांडे एकदम करकरले. 'झालं, झालं, झालं' असं शाळेभोवती फिरत आलं. सून मनातल्या मनात मोजत होती. अठ्ठाविसावं आलं तसा तिनं अंगठा खांद्यावर दाबला.

"पाऽऽव!"

हे गुपित दोघांचं होतं. चार महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात तिच्या हातून पितळी पातेलं फरशीवर पडलं होतं, आप्पांच्या अगदी पाठीशी. शेजारची बाई धावत आली, आप्पा मात्र पेपर वाचत राहिले. सून त्यांच्यासमोर जाऊन बसली. त्यांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "कुणाला सांगू नकोस, बाळ," ते म्हणाले. "समोर तोंड दिसलं की कळतं मला. पाठीमागचं सगळं गेलं." ती नाही म्हणू शकली नाही. नवऱ्याशी खोटं बोलणं तिला रोज टोचत होतं, पण त्या माणसाला खिडकीत बसवायला तिचं मन धजेना.

पहिले दहा-बारा पाव काहीच झालं नाही. तसंच असतं. आधी जॅक भार घेतात, तुळया ताणतात, माती चेपते. रस्त्यावर बघे जमले होते, ते कंटाळून कुजबुजायला लागले. मोठ्या बाई फाटकाशी पर्स छातीशी धरून उभ्या होत्या. या शाळेत त्या शिकल्या, इथंच शिकवलं, आणि आता मुख्याध्यापिका.

"हलत तर नाहीये हो," त्या म्हणाल्या.

"ऐकतेय ती," आत्या म्हणाली. "पहिल्यांदा नुसती ऐकते. दमानं घ्या."

एकोणिसाव्या पावाला आप्पांनी डोळे उघडले. "सुटली," ते म्हणाले.

कुणाला काही दिसलं नव्हतं, कुणी काही ऐकलं नव्हतं. थोरल्यानं नळी धरून खाली बघितलं. भिंत आणि तिचा जुना पाया यांच्यामध्ये दोऱ्याएवढी रेघ होती. एक पाव, दुसरा पाव, आणि त्या रेघेत उजेड आला. सून वाकली. शाळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर्गांच्या, व्हरांड्याच्या, जिन्याच्या खालून, सरळ एक उजेडाची पट्टी होती. पलीकडच्या गल्लीतला उजेड. एवढी थोरली शाळा, दोन मजले, बाकं, फळे, कपाटं, भिंतीवरची टिकटिकणारी घड्याळं, सगळं जमिनीला कुठंही न टेकता उभं होतं.

"अगं बाई," मोठ्या बाई म्हणाल्या आणि चांगली साडी नेसलेली असताना त्या आत येऊन भिंतीशी गुडघ्यांवर बसल्या. "पलीकडच्या माणसांचे पाय दिसतायत. माझ्या शाळेखालून!"

बघ्यांची कुजबुज बंद झाली. एकानं टोपी काढली. सुनेनं हे सात-आठ वेळा बघितलं होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला. माणसांनी हे करावं, आणि तेही दोन-दोन मिलिमीटरनं, या गोष्टीची तिला सवयच होत नव्हती. होऊही नये असं तिला वाटायचं.

*

दुपार चढली. आत्याच्या एका डब्यात एकशे अठरा बटणं गेली होती. आप्पांनी हात वर केला. "दम घ्या. जागा सोडू नका." कामावर 'थांबा' म्हणत नाहीत, 'दम' म्हणतात. 'थांब' हा शब्द काहीतरी मोडत असेल तरच.

सून आप्पांच्या गोळ्यांसाठी पाणी आणायला नळाकडं गेली. माणसं दांड्यांवर हात ठेवून पेंगत होती. आत्यानं पाय लांब केले.

"पाऽऽव!"

आत्यानं बटण उचललं, दुसऱ्या डब्यात टाकलं. एकशे एकोणीस. पुढून 'झालं, झालं' आलं. सात आले. ती बाकीच्यांची वाट बघत राहिली. आज मागची माणसं झोपली की काय?

"पाऽऽव!"

तिनं पुढचं बटण उचललं, आणि सहज आप्पांकडं बघितलं. आप्पांचं तोंड मिटलेलं होतं.

बटण हातातच राहिलं. रस्त्यावर कोपऱ्याशी एक सायकल उभी होती, मागं पेटी, आणि घोगऱ्या गळ्याचा एक माणूस तोंडाशी हात धरून परत ओरडायच्या बेतात होता.

"थांब!"

आप्पा उभे राहिले होते. तळवा भिंतीलाच होता. वरच्या मजल्यावर कुठंतरी 'टक्' झालं आणि चुन्याची पोपडी व्हरांड्यात पडली.

"पुढची बाजू दोन पाव वर गेलीय," आप्पा म्हणाले. "कुणी दिले?"

पुढच्या सात जणांनी दांडे सोडले. त्यांचं काय चुकलं होतं? पाव ऐकला, पाव दिला. विचार करायचा नाही हे आप्पांनीच शिकवलेलं. मागच्या एकवीस जणांना सायकलवाला ऐकूच गेला नव्हता. थोरला नळी घेऊन धावला. पुढचे दोन्ही कोपरे चार मिलिमीटर वर. बरोबर दोन पाव. नळी लावण्याआधीच त्या म्हाताऱ्यानं तळव्यानं सांगितलं होतं.

"हे तुझं काम होतं!" थोरला धाकट्यावर उखडला. "सगळ्या पाववाल्यांना सांगून ठेव म्हटलं होतं ना?"

"सांगितलं होतं रे भाऊ! सकाळच्याला सांगितलं. दुपारचा वेगळा असतो हे मला काय माहीत? आपल्या घरी कधी त्याला हाक मारलीय का कुणी?"

"आप्पा, तुम्ही तरी!" थोरला नळीवर वाकलेला, पाठ बापाकडं. "एवढा बोंबलला तो, दोनदा! तुम्हाला ऐकू नाही आलं?"

उत्तर नाही. मोरीतल्या त्या सकाळसारखंच. थोरला ताठ झाला, वळला. आप्पा भिंतीकडं तोंड करून उभे होते. तो त्यांच्या पाठीमागं गेला, हातभर अंतरावर, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, "आप्पा, शाळा पडतेय."

आप्पांची मानसुद्धा हलली नाही.

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली ती तिथंच उभी राहिली. नवऱ्यानं तिच्याकडं बघितलं आणि तिनं नजर खाली घातली. त्यालाही समजलं आणि आत्यालाही.

*

शिपायाच्या खोलीत पाच माणसं मावत नाहीत. मावली. बाहेर माणसांना जेवायला सोडलं होतं, आणि पुढच्या सात जणांना तो पाववाला माफी म्हणून फुकट पाव वाटत होता.

"किती दिवस?" थोरल्यानं बायकोला विचारलं.

"चार महिने."

"चार महिने! आणि मी? मी कोण? एका ताटात जेवतो आपण!"

"ओरडू नका. ते तुमच्या तोंडाकडं बघतायत, त्यांना सगळं कळतंय."

"भाऊ, आता सोड," धाकटा म्हणाला. "हाक तू घे. या घडीला घे. बहिऱ्या माणसाच्या हाकेवर मी माझी माणसं खाली बसवणार नाही. चेष्टा आहे का?"

"बरोबर बोलतोय तो," आत्या म्हणाली. ती आधीपासून थोरल्याच्या बाजूची. पोराला किती ताटकळत ठेवणार, हे ती आप्पांना दर महिन्याला ऐकवायची. पण आज ते म्हणून झाल्यावर ती थांबली. "नाही. बरोबर नाही बोलत. तू पुढं होतास ना रे, धाकट्या? कान आहेत ना तुला चांगले दोन? तुझ्यासमोर सात जणांनी दांडे फिरवले, तू काय करत होतास?"

धाकटा दारातून बाहेर, पाव खात बसलेल्या त्या सात जणांकडं बघायला लागला.

"मीही फसले," आत्या म्हणाली. "माझंही बटण पडलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. कान असलेले आपण सगळे फसलो आणि हा एकटा नाही फसला. कान नव्हते म्हणून."

"म्हणजे हे असंच चालू द्यायचं?" थोरला म्हणाला.

आप्पा इतका वेळ एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. आता ते थोरल्यासमोर येऊन उभे राहिले. "वर टक् झालं ते मला तळव्यात आलं," ते म्हणाले. "ग्लास हलला असणार. सांडला असेल तर माझी हाक दोन पावांपूर्वीच संपलीय. नसेल तर दीड फूट पुरा होईपर्यंत माझी आहे. इमारत हवेत आहे, आत्ता वर कुणी जायचं नाही. संध्याकाळी तू बघ. तू सांगशील ते."

"मी सांगेन ते?"

"माझ्या बापाला मीच सांगितलं होतं," आप्पा म्हणाले आणि खोलीबाहेर गेले.

थोरल्याला त्या क्षणी गिरणीतली ती संध्याकाळ आठवली. टोपी हातात घेऊन उभा राहिलेला बाप. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, बापाला तेव्हा आनंद झाला असेल.

*

आधी शाळा सरळ करायची होती. म्हणजे पुढच्या सात जणांनी स्वस्थ बसायचं आणि बाकीच्यांनी दोन पाव द्यायचे. पण 'पाव' ऐकून हात फिरल्याशिवाय राहतात का? आप्पांनी त्या सात जणांना रस्त्यावर ओळीनं उभं केलं, दोन्ही हात डोक्यावर. त्यांच्या तोंडात अजून पाव होता. बघ्यांना वाटलं, काहीतरी शिक्षा चाललीय.

"पाऽऽव!"

थोरला नळी घेऊन फिरत होता. आता त्याला माहीत होतं म्हणून दिसत होतं. बायकोचा अंगठा दिसत होता. आप्पांचे मिटलेले डोळे, आणि तळव्याची बोटं, जी दर पावाला भिंतीवर किंचित सैल होत आणि पुन्हा टेकत. तो मुद्दाम जवळ येऊन उभा राहिला. एकशे साठाव्या पावाला आप्पा म्हणाले, "मागचा डावा कोपरा, तिसरा जॅक. कोरडा आहे, तेल घाला." थोरला स्वतः गेला. वाकून जॅकच्या आट्यांवरून बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत. बसलेल्या माणसालाही समजलं नव्हतं.

"तुला दांडा जड लागला नाही?"

"लागला की. मला वाटलं मीच दमलो."

थोरल्यानं तेल घातलं आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर शाळा होती. हजारो मण विटा, चुना, लाकूड. साठ फुटांवर भिंतीला हात लावून बसलेल्या त्या बहिऱ्या माणसाला त्यातल्या एका कोरड्या आट्यानं निरोप पाठवला होता. पंधरा वर्षं त्याला वाटत होतं, हाक म्हणजे आवाज. तो न्हाणीघरात दार लावून 'पाऽऽव' म्हणून बघायचा, आप्पांपेक्षा खणखणीत. आज पहिल्यांदा त्याला भीती वाटली, की हाक मिळाली तर आपण भिंतीला हात लावू आणि भिंत काहीच बोलणार नाही.

तो परत आला तेव्हा बायको घामानं भिजली होती. सकाळपासून उभी. त्यानं शिपायाचं स्टूल आणून तिच्यामागं ठेवलं.

"बस. हात पोचतो ना खांद्यापर्यंत?"

"पोचतो," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण मोजणी चुकेल म्हणून तिनं ते आवरलं.

एकशे ऐंशी. दोनशे. रस्त्यावरची माणसं घरी गेली, दुसरी आली. शाळेच्या दारातली पायरी आता गुडघ्याच्या वर होती. आत्यानं सगळ्यात शेवटी ते झग्याचं निळं बटण उचललं.

"पाऽऽव!"

अठ्ठावीस वेळा 'झालं'. आत्यानं रिकामा डबा उलटा करून दाखवला. "पाचरी ठोका," आप्पा म्हणाले आणि तळवा भिंतीवरून काढला. तो पांढरा पडला होता, आणि दिवसभर दाबून ठेवल्यानं बोटं सरळ होत नव्हती.

*

जिना अधांतरी होता. शिडी लावून थोरला आत चढला. पाचरी ठोकून झाल्या होत्या, तरी तो पाऊल अलगद टाकत होता.

मोठ्या बाईंच्या ऑफिसात घड्याळ चालू होतं. खिडकीबाहेर सकाळी गजांच्या मधोमध असलेली फांदी आता खिडकीच्या खाली गेली होती. टेबलावर ग्लास होता, आणि ग्लासाभोवती पाण्याचं एक कडं. एक ओघळ हजेरीपटाच्या पुठ्ठ्यापर्यंत गेला होता. पाणी काठाच्या बोटभर खाली होतं.

तो बाईंच्या खुर्चीत बसला. आता फक्त खाली जाऊन एक शब्द बोलायचा. खोटंही नव्हतं ते. उद्या सकाळी स्टुलावर तो बसला असता, आणि आप्पा खिडकीत. समोरचं घर वाकडं आहे का, मला काय ठाऊक. अकरा वर्षं, किंवा जितकी असतील तितकी.

त्यानं सदऱ्याच्या बाहीनं कडं पुसलं. पुठ्ठा पुसला. टेबल कोरडं दिसेपर्यंत दोनदा पुसलं. ग्लास काठोकाठ भरायला वर पाणी नव्हतं. मग त्यानं ग्लास उचलला आणि एका दमात पिऊन टाकला.

रिकामा ग्लास घेऊन तो उतरला तेव्हा खाली चौघं शिडीशी उभी होती.

"काय रे?" आत्यानं विचारलं.

"नव्हता सांडला. काठोकाठ होता."

"मग पाणी कुठाय? भरलेला ग्लास खाली आणतात."

"तहान लागली होती. प्यायलो."

"प्यायलास?" धाकट्याचा आ वासला. "ते पाणी?"

"दिवसभर नळी घेऊन फिरलो. तहान लागते माणसाला."

सुनेनं त्याची उजवी बाही बघितली. कोपरापर्यंत ओली. आत्याच्या हातातले दोन्ही डबे घेऊन तिनं छातीशी धरले. थोरला आप्पांसमोर गेला, आणि ओठ नीट दिसतील असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "सांडला नाही, आप्पा."

आप्पांनी त्याच्या ओठांकडं बघितलं. मग बाहीकडं. मग बराच वेळ त्याच्या तोंडाकडं.

"उरलेला दीड फूट तुझा," ते म्हणाले.

"आप्पा, ग्लास सांडला नाही म्हणतोय मी."

"म्हणून तर देतोय. सांडला असता तर हाक गेली असती. मला देता आली नसती." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून त्याच्या हातात दिली. "मी कुठं जात नाहीये. इथंच बसणार, तुझ्या शेजारी. तुझा हात भिंतीवर, माझा तुझ्या हातावर. शिकशील." मग त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं, थोरल्याकडं पाठ केली. "म्हण बघू एकदा."

"आत्ता?"

पाठ हलली नाही. माणसं मागं नळावर हातपाय धूत होती. थोरल्यानं घसा खाकरला. पंधरा वर्षं दार लावून घोटलेला शब्द.

"पाऽऽव!"

आवाज मध्येच फाटला. नळावरून कुणीतरी सवयीनं ओरडलं, "झालं!" आणि हसू पिकलं. सुनेचे दोन्ही हात डब्यांत गुंतले होते. आप्पांच्या खांद्यावर कुणाचा हात नव्हता, तळवाही भिंतीवर नव्हता.

"ऐकू आलं," आप्पा म्हणाले.